कष्टाचे शरीर आणि आधुनिक कला

कलेतील मानवी शरीर हा विषय निघाला की सभागृहात थोडी चुळबूळ होते. कलेतले शरीर म्हणजे उघडे शरीर, अशी आपली सर्वसाधारण समजूत आहे. आम्हांस आज निराळ्या शरीराविषयी सांगावयाचे आहे. जे शरीर ओझे उचलते, खडी फोडते, इस्त्री फिरवते, ते आधुनिक कलेत कसे आले आणि आल्यावर त्याचे काय झाले, एवढाच आमचा विषय. आम्ही चित्रशाळेची पायरी चढलेलो नाही. जे शिकलो ते सार्वजनिक वाचनालयात. परंतु हमाल आणि बांधकाम मजूर यांच्या संघटनेत इतकी वर्षे काढल्यामुळे पाठी, खांदे आणि गुडघे पाहण्याची सवय आम्हांस आहे. चित्रापुढे उभे राहिलो की पहिला प्रश्न मनात येतो तो हा, की या माणसाच्या अंगावर भार नेमका कोठे पडला आहे?

युरोपातील जुन्या चित्रांत हा प्रश्न क्वचितच विचारावा लागे. मोठा कॅनव्हास देवांचा, संतांचा आणि राजेलोकांचा. मजूर असला तर कोपऱ्यात. ही रीत मोडणाऱ्यांत फ्रान्सच्या गुस्ताव्ह कूर्बे या चित्रकाराचे नाव अग्रभागी आहे. १८४९ साली त्याने रस्त्यावर खडी फोडणाऱ्या दोघांचे चित्र काढले. एक म्हातारा गुडघा टेकून हातोडा उगारतो आहे, दुसरा तरुण पोर खडीची पाटी मांडीच्या आधाराने उचलतो आहे. अंगावर फाटकी बंडी, पायांत लाकडी जोडे. चित्राची रुंदी सुमारे साडेआठ फूट, म्हणजे ज्या मापात लढाया आणि राज्याभिषेक रंगवीत त्या मापात दोन खडीफोडे! आणि दोघांचीही तोंडे धड दिसत नाहीत. म्हाताऱ्याच्या टोपीने त्याचा चेहरा झाकला आहे, पोराची पाठच आपल्याकडे आहे. चेहरा नसल्यामुळे आपल्याला त्यांची कीव करता येत नाही. त्यांच्या पाठीकडेच पाहावे लागते. एक काम करून संपत आलेला, दुसरा तेच काम करावयास लागलेला. एकाच आयुष्याची दोन टोके एका चित्रात आली आहेत. हे चित्र १९४५ साली युद्धातील बाँबवर्षावात ड्रेस्डेनजवळ नष्ट झाले. आज त्याची छायाचित्रे तेवढी उरली आहेत.

पुढे एदगार देगा याने १८८४ ते १८८६ च्या सुमारास इस्त्री करणाऱ्या दोन बायका रंगविल्या. एकीने दोन्ही हातांनी इस्त्रीवर सारा भार टाकला आहे, दुसरी बाटली हातात धरून मोठी जांभई देते आहे. देगा हा काही मजुरांचा कैवारी नव्हता. पण त्याची नजर खरी होती. थकवा चेहऱ्यावर येण्याआधी मानेत आणि खांद्यात येतो, हे ज्याने आठ तासांची पाळी केली आहे त्याला सांगावे लागत नाही. देगाने ते पाहून ओळखले.

या सर्वांत आम्हांस सर्वांत जवळची वाटते ती जर्मनीची केटे कोल्विट्झ. तिचा जन्म १८६७ चा. नवरा डॉक्टर. त्याचा दवाखाना बर्लिनच्या कामगार वस्तीत, आणि तेथेच तिचे बिऱ्हाड. सायलेशियातील विणकरांनी १८४४ साली उठाव केला होता. त्यावर हाउप्टमानने लिहिलेले नाटक तिने १८९३ साली पाहिले आणि पुढची चार वर्षे खपून सहा छापचित्रांची मालिका केली. दारिद्र्य, मृत्यू, खलबत, मोर्चा, मालकाच्या फाटकावरची चाल आणि शेवट, असा तिचा क्रम आहे. शेवटच्या चित्रात प्रेते घरात आणली जात आहेत आणि तेथे साचा तसाच उभा आहे. १८९८ साली बर्लिनच्या प्रदर्शनात परीक्षकांनी तिला सुवर्णपदक द्यावे असे सुचविले. कैसरने नकार दिला. ज्या गिरणगावात साचेवाल्याच्या घरी साच्याच्या आवाजावाचून झोप लागत नसे, तेथील माणसाला ही चित्रे परकी वाटणार नाहीत.

कोल्विट्झने स्वतःविषयी एक गोष्ट मोकळेपणाने लिहून ठेवली आहे. आरंभी ती कामगारांकडे वळली ती दयेपोटी नव्हे, तर त्यांचे हालणेचालणे तिला सुंदर वाटले म्हणून. त्यांचे हाल तिला नंतर कळले. आम्हांस हा क्रम फार महत्त्वाचा वाटतो. दयेने पाहणारा वरून पाहतो. ज्याला सौंदर्य दिसते त्याला समोर उभे राहावे लागते.

याच्या उलट दुसरे टोकही आहे. १९३७ च्या पॅरिस प्रदर्शनासाठी व्हेरा मुखिना हिने पोलादी पत्र्याची, सुमारे चोवीस मीटर उंचीची, कामगार व शेतकरी स्त्रीची जोडी उभारली. हातोडा आणि विळा आभाळाला भिडलेले. पाहणाऱ्याचा ऊर भरून यावा असे शिल्प आहे, यात शंका नाही. परंतु या जोडीला कधी कंबर धरत नाही, दम लागत नाही. आमच्या चळवळीच्या भित्तिचित्रांतही असेच पोलादी दंड असतात. मग ज्याचा खांदा खरोखर निखळला आहे तो कामगार त्या चित्रात स्वतःला कोठे शोधणार? नुकसानभरपाई मागावयाची तर आधी शरीर झिजते हे मान्य करावे लागते.

आपल्याकडे या दोन टोकांच्या मधली वाट रामकिंकर बैज यांनी दाखविली. शांतिनिकेतनात १९३८ साली त्यांनी सिमेंट आणि लाल मातीच्या खड्यांतून संथाळ कुटुंब घडविले. पुरुषाच्या खांद्यावर कावड, कावडीत मूल, बरोबर बाई आणि कुत्रे. सारा संसार घेऊन कामाच्या शोधात निघालेले. १९५६ साली त्यांनी भोंगा ऐकून गिरणीकडे धावणाऱ्या बायकांचे शिल्प केले. खडबडीत अंगाची ही माणसे गरीब आहेत, पण केविलवाणी नाहीत. महाराष्ट्रात सुधीर पटवर्धन यांनी ठाण्यात २००५ पर्यंत क्ष-किरण तज्ज्ञ म्हणून व्यवसाय केला आणि त्याबरोबरच शहरातील कष्टकऱ्यांची शरीरे रंगविली. त्यांचे २००१ चे ‘लोअर परळ’ गिरणगाव बदलत असतानाचे आहे.

आता एक अवघड गोष्ट. अलीकडच्या कलेत शरीराचे चित्र न काढता शरीरच वापरण्याची रीत आली आहे. सांतियागो सिएरा या स्पॅनिश कलावंताने १९९९ साली हवाना येथे सहा बेकार तरुणांना प्रत्येकी तीस डॉलर देऊन त्यांच्या पाठींवर एक सरळ रेघ गोंदविली. बाजार माणसाचे हेच करतो, तेच मी उघडे करून दाखवितो, असा त्याचा पक्ष. आमचे मत असे की, अन्याय दाखविणे आणि तो करणे यांत फरक आहे. रेघ त्या तरुणांच्या पाठीवर राहिली, नाव सिएराचे झाले. तथापि त्याने मजुरीचा आकडा लपविला नाही, हेही नमूद केले पाहिजे. बाकीच्या कलेत तो आकडा कोण विचारतो?

चित्रशाळेत मॉडेल म्हणून तासन् तास निश्चल बसणारी बाई तरी काय करते? तीही कामच करते. एक पाय बधिर झाला तरी हलता येत नाही, हे हमालीहून हलके काम नव्हे. रवी जाधव यांचा ‘न्यूड’ हा मराठी चित्रपट अशाच एका बाईचा. २०१७ साली गोव्याच्या चित्रपट महोत्सवातून तो वगळला गेला, २०१८ साली प्रदर्शित झाला. वाद झाला तो नग्नतेवरून. तिच्या रोजावरून कोणी वाद घातल्याचे आमच्या कानी नाही.

श्रोत्यांना आमची विनंती एवढीच. मुंबईत जहांगीर कलादालन १९५२ पासून उघडे आहे आणि आत जावयास तिकीट पडत नाही. तेथे जाताना आपल्याबरोबर एखादा ओझे उचलणारा माणूस न्यावा. भार कोठे पडला आहे हे त्याला विचारावे, आणि चित्रकाराने तो बरोबर ठिकाणी दाखविला आहे की नाही, याचा निकाल त्याला देऊ द्यावा.