संगणकाची रोजनिशी

मुलांनो, जुन्या काळी खलाशी जहाजाचा वेग मोजण्यासाठी दोरी बांधलेला लाकडी ठोकळा समुद्रात टाकत. ओंडक्याला इंग्रजीत 'लॉग' म्हणतात. त्यावरून वेगाच्या नोंदवहीला 'लॉगबुक' हे नाव पडले. पुढे संगणकाच्या नोंदवहीलाही लोक 'लॉग' म्हणू लागले. तुमच्या उर्दूतला रोजनामचा आणि मराठीतली रोजनिशी म्हणजे हेच.

संगणक ही रोजनिशी मुकाट्याने लिहीत असतो. कोण कधी आत आले, कोणाचा परवलीचा शब्द चुकला, छपाई का थांबली, हे सारे तारीखवेळेसह तिच्यात उतरते. एरवी ती कोणी उघडूनही पाहत नाही. बिघाड झाला, की मात्र तीच साक्षीदार!

आता असे समजा, की एका दवाखान्यातील संगणकाची तार सैल झाली. त्यामुळे एक प्रोग्रॅम 'जोडणी झाली नाही' अशा अर्थाच्या ओळी लिहू लागला. सेकंदाला १०० ओळी, ओळीत १०० अक्षरे. दिवसाचे सेकंद ८६,४००. गुणाकार करून पाहा. दिवसाला ८६ कोटी ४० लाख इंग्रजी अक्षरे होतात! एवढी अक्षरे एका सीडीतही मावत नाहीत. डिस्क लहान असेल, तर काही आठवड्यांत ती भरून जाते. मग नव्या रुग्णाचे नाव नोंदवता येत नाही. डिस्क भरल्याची तक्रार लिहायलाही रोजनिशीत जागा उरत नाही.

अशा वेळी घाबरलेला माणूस सर्वांत मोठी फाइल पुसून टाकतो. गंमत अशी, की लिनक्स प्रणालीच्या संगणकात तरीही जागा मोकळी होत नाही. फाइलचे नाव म्हणजे दारावरची पाटी. पाटी काढली म्हणून भाडेकरू घर सोडत नाही! प्रोग्रॅमने ती फाइल उघडी धरलेली असते आणि तो लिहीतच राहतो. तो बंद करून पुन्हा सुरू केला, म्हणजे जागा सुटते. पण तोपर्यंत साक्षीदार हातचा गेलेला असतो.

जाणकार माणूस आधी 'डीएफ' ही आज्ञा देतो. कोणती डिस्क भरली, ते तिच्यामुळे कळते. मग 'डीयू' या आज्ञेने जागा कोणत्या फोल्डरने खाल्ली, ते तो शोधतो आणि लॉगच्या शेवटच्या ओळी वाचतो. तार घट्ट बसवली, की ओळींचा पूर आपोआप थांबतो.

रोजच्या देखभालीसाठी 'लॉगरोटेट' नावाचा प्रोग्रॅम असतो. ठरलेल्या मुदतीनंतर तो जुनी वही मिटून नवी उघडतो, जुनी दाबून लहान करतो आणि सर्वांत जुनी टाकून देतो. तीच ती ओळ लाखो वेळा आलेली असेल, तर दाबल्यावर ती फारच थोड्या जागेत बसते. किती वह्या ठेवायच्या, हे संगणक सांभाळणाऱ्याने ठरवायचे. भारतात मात्र २०२२ साली 'सर्ट-इन' या सरकारी संस्थेने कंपन्यांना व कार्यालयांना १८० दिवसांचे लॉग जपून ठेवण्यास सांगितले. म्हणून पुष्कळ ठिकाणी जुन्या वह्या टाकून न देता दुसऱ्या संगणकावर हलवतात.