रानाचे धनी

गडचिरोलीहून धानोऱ्याकडे जाणाऱ्या सडकेवर, सुमारे तीस किलोमीटर अंतरावर, मेंढा हे गोंड आदिवासींचे लहानसे गाव आहे. शेजारच्या लेखा गावामुळे ते ‘मेंढा-लेखा’ या जोडनावाने ओळखले जाते. भोवती साग, मोह, तेंदू व बांबू यांचे दाट रान, जवळून वाहणारी कठाणी नदी आणि शंभराच्या आसपास घरे, एवढाच त्याचा विस्तार. येथे भव्य मंदिर नाही की प्राचीन किल्ला नाही. तरीही दूरदूरचे अभ्यासक येथे येतात, ते या गावची सभा पाहावयास.

या सभेत स्त्रिया व पुरुष दोघेही बसतात. बहुमताने निर्णय घेण्याची रीत येथे नाही. एकाचाही विरोध असेल तर विषय पुढे ढकलला जातो आणि त्यावर पुन्हा विचार होतो. अवघड प्रश्नांचा ऊहापोह करण्यासाठी गावात अभ्यासगट चालतो; मात्र अखेरचा शब्द सभेचाच. अशा रीतीने काम संथ चालते, हे खरे. परंतु जो निर्णय सर्वांनी मिळून घेतला, तो मोडावयास कोणी धजत नाही. दारूबंदीचा निर्णय असाच दीर्घ चर्चेनंतर झाला आणि त्यासाठी गावातील स्त्रियांनी आग्रह धरला होता.

ही जागृती एका दिवसात आली नाही. 1980 नंतरच्या दशकात या भागात मोठी धरणे बांधण्याच्या योजना होत्या. त्यांत रान आणि गावे बुडणार, हे ओळखून आदिवासींनी ‘जंगल बचाव, मानव बचाव’ हे आंदोलन उभारले. मेंढ्याचे देवाजी तोफा व त्यांचे सोबती मोहन हिराबाई हिरालाल यांच्या प्रयत्नांनी पुढे गावच्या सभेला बळ आले. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा याच गावची.

गावाची खरी कसोटी लागली ती बांबूच्या बाबतीत. सभोवारच्या रानातील बांबू अनेक वर्षे कागदाच्या कारखान्यासाठी तोडला जाई. ज्यांच्या अंगणापर्यंत रान आले होते, त्यांचा मात्र त्यावर हक्क नव्हता. 2006 साली वनहक्क कायदा झाला. त्यानुसार 2009 साली मेंढ्यास सुमारे 1800 हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला. कायद्याने बांबू गौण वनोपज ठरला होता. तरीही तो वाहून नेण्याचा परवाना देण्यास वनखाते तयार होईना. विकण्याची मोकळीक नसेल, तर नुसत्या हक्काचे मोल ते काय? गावाने धीर सोडला नाही. अखेर 27 एप्रिल 2011 रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी गावात येऊन वाहतूक परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या स्वाधीन केले.

अशी उदाहरणे जगात अन्यत्रही आढळतात. मेक्सिको देशातील ओआहाका प्रांताच्या उत्तरेकडील डोंगरांत कापुलालपाम हे सापोतेक लोकांचे जुने गाव आहे. तेथील रानही विसाव्या शतकात कागदाच्या कारखान्यास पंचवीस वर्षांच्या कराराने दिलेले होते. 1980 च्या सुमारास त्या डोंगरातील गावांनी एकजुटीने विरोध केला आणि पुढे रानाचा कारभार आपल्या सभांकडे घेतला. गावाच्या कामासाठी विनामूल्य श्रम देण्याची त्यांची प्रथा ‘तेकियो’ या नावाने प्रसिद्ध आहे. दोन्ही गावांमध्ये सातासमुद्रांचे अंतर आहे. परंतु त्यांचा अनुभव एकच.

मालकी आली की जबाबदारीही येते. रानाला वणवा लागू न देणे, फळझाडांवर कुऱ्हाड न चालविणे, मधमाश्यांचा नाश न करता मध काढणे, हे नियम आता गावकऱ्यांनाच पाळावे लागतात आणि एकमेकांकडून पाळून घ्यावे लागतात. बाहेरच्या पहारेकऱ्याची नजर चुकविता येते. शेजाऱ्याची चुकविता येत नाही. मेंढ्याच्या रानाचे खरे कुंपण हेच आहे.