स्क्रीनबाहेर सापडलेली अक्षरं

साठच्या दशकात वर्तमानपत्रातल्या नाटकाच्या जाहिरातीला जागा मिळायची जेमतेम. रंग नव्हते, फोटो छापला तर त्यात नट कोण आणि पडदा कोणता हे ओळखावं लागे. प्रेक्षकाला तिकीटखिडकीपर्यंत आणण्याचा सगळा भार नाटकाच्या नावावर, म्हणजे त्या चार-पाच अक्षरांवर. कमल शेडगे यांची कला याच अडचणीत फुलली. टाइम्स समूहाच्या कला विभागात काम करता करता त्यांनी नाटकांची, मासिकांची, पुस्तकांची शेकडो नावं रेखाटली. आधी नाटकाचा विषय समजून घ्यायचा आणि मग तो वेलांटीत, काना-मात्रेत, शिरोरेषेच्या तुटण्यात उतरवायचा, ही त्यांची रीत. पुढे ‘माझी अक्षरगाथा’सारखी पुस्तकं आली तेव्हा वाचकांना कळलं, की लहानपणापासून आपण ज्यांना ओळखत होतो ती नावं एकाच हातातून आलेली आहेत. 2020 मध्ये ते गेले.

शेडगे नाटकांची नावं रेखाटत होते त्या काळात र. कृ. जोशी दुसऱ्या वाटेने निघाले होते. जाहिरात व्यवसायात नाव कमावलेला हा कवी-सुलेखनकार 1983 पासून आयआयटी मुंबईच्या इंडस्ट्रियल डिझाइन सेंटरमध्ये शिकवू लागला. लिपीकडे भाषेचं चित्र म्हणून पाहायला त्यांनी विद्यार्थ्यांना शिकवलं. सुलेखनकार अच्युत पालव यांना तर जुनी मोडी लिपीतली कागदपत्रंच सापडली. मोडी लिहिणारा आधी पानभर आडवी रेघ ओढून घेतो आणि मग हात फारसा न उचलता त्या रेघेखाली लिहीत जातो. त्या वेगातली लय देवनागरीत आणता येईल, या कल्पनेतून पालवांची मुक्तलिपी उभी राहिली. शतकांपूर्वीच्या कारकुनी हस्ताक्षरातून नव्वदीच्या दिनदर्शिका आणि पोस्टरं सुचावीत, हे मला आजही फार आवडतं. 2025 मध्ये पालवांना पद्मश्री मिळाली.

मग डीटीपी, म्हणजे संगणकावर पानं जुळवणं, आलं. सोय झाली हे नाकारण्यात अर्थ नाही. श्रीलिपी आणि सी-डॅकच्या सॉफ्टवेअरमुळे गावोगावचा छापखाना बदलला, खिळे जुळवण्याचं काम संपलं. पण फॉन्टची यादी डोळ्यांसमोर आली आणि यादीबाहेर पाहण्याची सवय गेली. लग्नपत्रिका, निवडणुकीचा फलक, साड्यांचा सेल, सगळीकडे तेच चार फॉन्ट, जागा भरायला आडवे ताणलेले. नव्वदच्या दशकाच्या शेवटी मराठी संकेतस्थळं निघाली तेव्हा प्रत्येकाचा फॉन्ट वेगळा. तो आधी उतरवून घ्या, नाहीतर पानभर चौकोन आणि अगम्य चिन्हं. अशा वेळी डिझाइन वगैरे कुठलं? मजकूर दिसला तरी पुष्कळ.

युनिकोडने तो प्रश्न सोडवला आणि विंडोज 2000 बरोबर ‘मंगल’ घराघरांत पोचला. या फॉन्टला रुक्ष म्हणून नावं ठेवणाऱ्या अनेकांना माहीत नसतं, की तो र. कृ. जोशींनीच केलेला आहे. कुंचल्याने मोकळं लिहिणाऱ्या माणसाने संगणकाच्या मेनूसाठी आणि कमी ठिपक्यांच्या पडद्यासाठी अक्षर घडवलं. तिथे त्याचं काम चोख होतं. दोष आपला. मेनूसाठी बनलेलं अक्षर आपण कवितेला, बातमीला आणि मथळ्यालाही वापरत राहिलो.

2010 नंतर संकेतस्थळाचं पान स्वतःचा फॉन्ट बरोबर आणू लागलं आणि गूगल फॉन्ट्सवर मोफत देवनागरी वाढू लागली, तसे डिझायनर पुन्हा बाहेर पाहू लागले. ‘यात्रा वन’ हा फॉन्ट कॅथरीन ली श्मिट यांना सुचला मुंबई लोकलच्या स्थानकांवरच्या हाताने रंगवलेल्या पाट्यांवरून. रोज लाखो माणसं ज्या पाट्यांखालून धावतात, त्यांच्याकडे कुणीतरी थांबून पाहिलं! मुंबईच्या ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेने ‘मुक्ता’सारखा वाचायला शांत फॉन्ट दिला आणि ‘मोदक’ हा फॉन्टही दिला. तो इतका गुबगुबीत, की अक्षरांच्या आतली पोकळी फक्त रेघेएवढी उरते. त्यांचा ‘बलू’ नऊ भारतीय लिप्यांत पोचला. ‘पॉपिन्स’ची गोष्ट तर उलटीच. त्यातली देवनागरी निनाद काळे यांची, वर्तुळं आणि सरळ रेषा यांवर बेतलेली. पण जगभर तो वापरला जातो तो रोमन अक्षरांसाठी, आणि त्यात देवनागरी आहे याचा वापरणाऱ्यांना पत्ताही नसतो.

एक गोष्ट मात्र अजून अर्धवट आहे. पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ हे मराठीचं वळण. राज्य सरकारने 2009 मध्ये तसा निर्णयही काढला. काही फॉन्टांत ही रूपं दिलेली असतात आणि पानाची भाषा मराठी आहे असं कोडमध्ये सांगितलं, की ती आपोआप उमटतात. ‘टिरो देवनागरी मराठी’ तर याच वळणासाठी वेगळा काढलेला आहे, तोही मोफत. तरीही कित्येक मराठी संकेतस्थळांवर हिंदी वळणाचा ‘ल’ दिसतो, कारण भाषेच्या जागी इंग्रजी किंवा हिंदी लिहिलेलं असतं, किंवा काहीच नसतं. मराठी संकेतस्थळ करून घेणाऱ्यांना म्हणूनच विनंती आहे, की पैसे चुकते करण्यापूर्वी डिझायनरला ‘शाळा’ हा शब्द मोठ्या अक्षरात दाखवायला सांगा, आणि त्यातला ‘श’ मराठी आहे का ते बघा.