‘सी’ भरला, ‘डी’ रिकामा!
घरच्या संगणकातील जागेची नवी वाटणी

दौलताबादच्या किल्ल्याच्या पायथ्याशी राहणारे एक ओळखीचे कुटुंब. घरात एकच जुना संगणक, तोही हप्त्याने घेतलेला. थोरली मुलगी महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा अर्ज भरत होती. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, गुणपत्रिका सगळे तयार होते. पण संगणक जागचा हलेना. ‘सी ड्राईव्हमध्ये जागा उरलेली नाही’ एवढेच तो सांगत होता. एका दुकानदाराने सल्ला दिला, “आता नवाच घ्या.” आईने फीसाठी बाजूला ठेवलेल्या पैशांकडे पाहिले. मुलगी मात्र जागा करण्यासाठी एकेक फोटो पुसू लागली. आजीच्या शेवटच्या फोटोपाशी येऊन तिचा हात थांबला.

“काका, डी तर सगळा रिकामा आहे. मग सी का ओरडतोय?” तिने विचारले.

प्रश्न अगदी रास्त होता. बऱ्याच घरांत हीच अडचण असते, म्हणून ती नीट समजून घेऊ.

जागा एक, खोल्या अनेक

सी आणि डी या बहुधा दोन वेगळ्या वस्तू नसतात. हार्ड डिस्क एकच असते, तिच्या आत आखून दोन खोल्या केलेल्या असतात. ५०० जीबीची डिस्क संगणकात ४६५ जीबीच दिसते. यात दुकानदाराची लबाडी नाही. कारखाना हजाराच्या पटीत मोजतो आणि विंडोज १०२४ च्या पटीत, एवढाच फरक. त्या ४६५ पैकी कोणी सीला १०० दिले आणि बाकीचे डीला, की काही वर्षांत सी भरतो.

१९५६ साली आयबीएम कंपनीने पहिली डिस्क बाजारात आणली, तेव्हा दोन-दोन फूट व्यासाच्या ५० तबकड्यांवर जेमतेम ५ एमबी मजकूर मावत असे. आज मोबाईलवरचा एखादा फोटोच तेवढी जागा घेतो. जागा कितीही वाढली तरी वाटणी चुकली की टंचाई येतेच.

आधी साफसफाई

भिंत पाडण्याआधी अडगळ काढावी. सेटिंग्जमध्ये ‘स्टोरेज’ उघडले की कशाने किती जागा खाल्ली ते दिसते. तात्पुरत्या फायली आणि कचरापेटी रिकामी करावी. डाऊनलोडचे फोल्डर मात्र स्वतः पाहूनच मोकळे करावे, तिथे दाखलेही असतात. मग ‘डॉक्युमेंट्स’ आणि ‘पिक्चर्स’ या फोल्डरवर उजवी कळ दाबून ‘प्रॉपर्टीज’मधील ‘लोकेशन’ येथून ते डीमधील नव्या फोल्डरात हलवावेत. त्या मुलीच्या घरी त्या रात्री एवढेच केले. अर्ज वेळेत गेला आणि आजीचा फोटोही राहिला.

भिंत कशी सरकवावी?

कायमचा उपाय रविवारी केला. विंडोजची कळ आणि ‘एक्स’ एकत्र दाबल्यावर येणाऱ्या यादीत ‘डिस्क मॅनेजमेंट’ असते. तिथे डिस्कचा आडवा नकाशा दिसतो. कशालाही हात लावण्याआधी तो वहीत उतरवून घ्यावा.

दौलताबाद पाहिलेल्यांना अंबरकोट, महाकोट आणि कालाकोट ठाऊक आहेत. एका कोटाची हद्द वाढवायची तर त्याच्या भिंतीला लागून मोकळे मैदान हवे. दुसऱ्या कोटापलीकडचे मैदान काय कामाचे? इथेही नियम तोच. सी वाढवायचा तर मोकळी जागा नकाशात सीच्या लगेच उजवीकडे हवी.

बहुतेकांची चूक इथेच होते. ते डीवर ‘श्रिंक व्हॉल्यूम’ करतात. जागा सुटते खरी, पण ती डीच्या उजव्या टोकाला. मध्ये डी तसाच उभा राहतो आणि सीवरचे ‘एक्स्टेंड व्हॉल्यूम’ पुसटच राहते.

म्हणून क्रम असा ठेवावा :

१. डीमधील सर्व काही बाहेरच्या डिस्कवर उतरवावे आणि दहा-वीस फायली तिथून उघडून पाहाव्यात. महत्त्वाचे दाखले आणखी एका पेनड्राईव्हवर ठेवावेत. डीमध्ये एखादा प्रोग्राम बसवलेला असेल तर तो नंतर पुन्हा बसवावा लागेल. सीमधील मोलाच्या फायलींचीही प्रत घ्यावी.

२. बिटलॉकर सुरू असेल तर त्याची रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवावी.

३. वीज जाण्याची भीती असेल तर यूपीएस किंवा इन्व्हर्टर असल्याशिवाय सुरुवात करू नये.

४. डीवर उजवी कळ दाबून ‘डिलीट व्हॉल्यूम’ करावे. तिथे ‘अनअलोकेटेड’ अशी काळी पट्टी येते. जुन्या संगणकात हिरवी ‘फ्री स्पेस’ दिसली, तर तीही पुन्हा डिलीट करून काळी करावी लागते.

५. सीवर ‘एक्स्टेंड व्हॉल्यूम’ निवडावे. आकडा एमबीमध्ये विचारतात, १०० जीबीसाठी १०२४०० लिहावे.

६. उरलेल्या जागेवर ‘न्यू सिम्पल व्हॉल्यूम’ करून नवा डी करावा आणि सामान परत आणावे.

मध्ये ‘रिकव्हरी’ असेल तर?

अनेक संगणकांत सी आणि डीच्या मध्ये ‘रिकव्हरी पार्टिशन’ नावाची लहानशी पट्टी असते. संगणक बिघडल्यावर दुरुस्तीसाठी ती लागते. ती असेल तर डी पुसूनही सी वाढत नाही. म्हणून नकाशा आधी पाहावा. अशा वेळी घरी प्रयोग न करता जाणकाराकडून ती पट्टी सरकवून घ्यावी, किंवा फोल्डर डीमध्ये हलवून काम भागवावे.

चुकून भलतेच पार्टिशन पुसले गेले तर घाबरू नये, पण संगणक लगेच बंद करावा. रजिस्टरची अनुक्रमणिका फाटली तरी आतली पाने शिल्लक असतात. नवीन काही लिहिले नाही तर जुन्या पद्धतीच्या हार्ड डिस्कवरून बरेचदा परत मिळते. एसएसडीवर ती आशा कमी.

विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ ला किमान ६४ जीबीची डिस्क लागते. ते चालवण्याजोगा संगणक असेल तर बदल करण्याआधीच सीची जागा पाहून घ्यावी.

त्या घरी रविवारी संध्याकाळपर्यंत काम झाले. १०० जीबीचा सी २०० चा झाला. खर्च शून्य, बाहेरची डिस्क शेजाऱ्याकडून मागून आणलेली. फीचे पैसे फीलाच गेले. नकाशा मुलीने स्वतः वहीत काढला होता, पुढच्या खेपेला तिला कोणाला विचारावे लागणार नाही.

वाचक बंधू-भगिनींनो, दाखले आणि फोटो एकाच ठिकाणी ठेवू नका. जागा पुन्हा करता येते. आजीचा फोटो पुन्हा काढता येत नाही.