अंड्याच्या टरफलांपासून धंदा? आधी हा हिशोब करा!

बरेच जण विचारतात, "दादा, टरफलांची पावडर करून पाण्यातलं फॉस्फेट काढायचा धंदा चालेल का?" चालू शकतो. पण ग्राइंडर घेण्याआधी हे वाचा.

गिऱ्हाईक कोण?
लाँड्री, कार वॉशिंग, डेअरी. डिटर्जंट आणि शेणामुतातलं फॉस्फेट तळ्यात गेलं की शेवाळ, जलपर्णी माजते. ती कुजताना पाण्यातला ऑक्सिजन संपतो, मासे मरतात. सर्वसाधारण मानकानुसार नदी-नाल्यात सोडायच्या सांडपाण्यात विरघळलेलं फॉस्फेट, फॉस्फरस म्हणून मोजलं तर, लिटरला 5 मिलिग्रॅमच्या आत पाहिजे.

काम कसं होतं?
कॅल्शियम, लोह, ॲल्युमिनियम हे फॉस्फेटला धरून ठेवतात. कोकणातल्या चिरेखाणीत पडून असलेल्या जांभ्याच्या चुऱ्यात लोह-ॲल्युमिनियम असतं. फॉस्फेट त्याच्या पृष्ठभागाला चिकटतं. यालाच अधिशोषण म्हणतात. टरफलात सुमारे 95 टक्के कॅल्शियम कार्बोनेट. कच्ची पावडर कमी धरते. 800-900 अंशांवर भाजली की चुना होतो आणि फॉस्फेटचा साका तळाशी बसतो. म्हणजे माल फुकट, पण भट्टीचं इंधन फुकट नाही!

आता हिशोब
समजा, पाण्यात लिटरला 15 मिलिग्रॅम फॉस्फरस आहे, 5 वर आणायचाय. 1,000 लिटरमागे 10 ग्रॅम काढायचा. तुमची 1 ग्रॅम पावडर 5 मिलिग्रॅम धरत असेल, तर 2 किलो लागेल. रोज 5,000 लिटर म्हणजे 10 किलो, महिन्याला 300 किलो! गिऱ्हाईक लगेच तुरटीच्या खर्चाशी तुलना करणार, बरं का.

मी कुठे फसलो?
एका लाँड्रीच्या रिपोर्टमधला आकडा 'फॉस्फेट' म्हणून होता, मी 'फॉस्फरस' समजलो. दोन्हींत साधारण तिप्पट फरक. मी तिप्पट मालाचं कोटेशन दिलं, ऑर्डर गेली. तुम्ही आधी विचारा.

आणखी दोन गोष्टी: भाजलेल्या टरफलाने पाण्याचा पीएच चढतो, तो 5.5 ते 9 मध्ये आणावा लागतो. आणि वापरलेली पावडर कुठे जाणार, हे आधी ठरवा. नाल्यात टाकली तर सगळी मेहनत वाया.

पहिलं पाऊल
गिऱ्हाइकाचं खरं पाणी आणा. चार बरण्यांत लिटरला 1, 2, 5, 10 ग्रॅम पावडर टाका, सारखं ढवळा, गाळा, लॅबमध्ये तपासा. पावडर न टाकलेलं पाणीही द्या. रिपोर्ट हातात आला की मगच भाव ठरवा. मशीन त्यानंतर!