चषकांचे अंतिम सामने : वेंब्ली, १९२३

२८ एप्रिल १९२३ रोजी लंडनच्या वेंब्ली मैदानावर फुटबॉलच्या एफए चषकाचा अंतिम सामना झाला. बोल्टन वाँडरर्सने वेस्ट हॅम युनायटेडला २-० असे हरवले. हा निकाल आज थोड्यांनाच आठवतो. लोकांच्या लक्षात राहिली ती मैदानात घुसलेली अफाट गर्दी आणि तिला मागे सारणारा पांढरा घोडा. घोड्याची गोष्ट रम्य आहे, पण तिच्यामुळे या सामन्याचा मोठा धडा झाकला गेला.

इंग्लंडची ही बाद फेरीची स्पर्धा १८७१-७२ च्या हंगामात सुरू झाली. पहिला अंतिम सामना केनिंग्टन ओव्हलवर झाला तेव्हा दोनेक हजार प्रेक्षक होते. विसाव्या शतकाच्या आरंभी हीच संख्या क्रिस्टल पॅलेसवर लाखाच्या पुढे गेली होती. पहिल्या महायुद्धानंतर मात्र सामना स्टॅमफर्ड ब्रिजवर खेळवला जाऊ लागला आणि तेथे १९२० व १९२२ मध्ये जेमतेम पन्नास हजारांच्या आसपास लोक आले. याच काळात ब्रिटिश साम्राज्य प्रदर्शनासाठी वेंब्लीला साडेसात लाख पौंड खर्चून नवे स्टेडियम उभे राहत होते. त्याची क्षमता सव्वा लाखाच्या घरात होती आणि सामन्याच्या चार दिवस आधी ते पुरे झाले. एवढी जागा असताना ती अपुरी पडेल, असे संयोजकांना वाटले नाही. आसनांची काही तिकिटे आगाऊ विकली गेली. बाकी सर्वांना आयत्या वेळी फाटकावर पैसे भरून आत येण्याची मुभा ठेवली.

अंदाज साफ चुकला. वेस्ट हॅम हा लंडनचाच संघ, दुसऱ्या श्रेणीत असूनही अंतिम फेरीत पोहोचलेला. शनिवारची दुपार, स्वच्छ हवा, भुयारी रेल्वेने सहज गाठता येणारे ठिकाण आणि नव्या वास्तूचे कुतूहल, हे सारे एकत्र आले. पावणेदोनच्या सुमारास दरवाजे बंद करावे लागले, तरी लोंढा थांबला नाही. लोक भिंतींवरून चढून आत उतरले. आतल्यांना मागून रेटा येऊ लागला, तेव्हा पुढच्यांना मैदानावर उतरण्यावाचून वाट उरली नाही. अधिकृत नोंद १,२६,०४७ प्रेक्षकांची आहे. प्रत्यक्षात दोन लाख किंवा त्याहून अधिक लोक आत असावेत, असे मानले जाते. बोल्टनच्या खेळाडूंची बस वाटेतच अडकली आणि शेवटचा टप्पा त्यांनी गर्दीतून चालत पार केला.

तीन वाजता खेळ सुरू व्हायचा होता, पण हिरवळ दिसतच नव्हती. राजे पंचम जॉर्ज येऊन बसले, राष्ट्रगीत झाले. मग घोडेस्वार पोलीस मैदानात उतरले. त्यांपैकी जॉर्ज स्कोरी यांचा घोडा बिली खरे तर राखाडी रंगाचा. त्या काळच्या कृष्णधवल चित्रफितीत तो पांढराशुभ्र दिसला. बाकीचे घोडे गडद रंगाचे असल्याने सर्वांची नजर त्याच्यावरच खिळली. स्कोरींनी पुढच्या रांगेतल्या लोकांना एकमेकांच्या हातांत हात गुंफायला सांगितले आणि घोडा हळूहळू पुढे घेत त्यांना पावलापावलाने मागे सरकवले. सीमारेषेपर्यंत जागा मोकळी झाली, आणि सुमारे पाऊण तास उशिरा सामना सुरू झाला. त्या कामात इतर पोलिसांचा आणि स्वतः प्रेक्षकांच्या समजूतदारपणाचाही वाटा मोठा होता, हे विसरू नये.

दुसऱ्याच मिनिटाला डेव्हिड जॅकने गोल केला. हा वेंब्लीवरचा पहिला गोल. चेंडू जाळ्यामागे दाटून उभ्या असलेल्या एका प्रेक्षकाला लागला. त्याच वेळी वेस्ट हॅमचा जॅक ट्रेसाडर्न थ्रो-इन घेऊन गर्दीतून परत येण्याची धडपड करत होता. अकराव्या मिनिटाला लोक पुन्हा आत आले, खेळ थांबला. मध्यंतरात खेळाडूंना विश्रांतिकक्षापर्यंत जाताच आले नाही. ते मैदानावरच थांबले. उत्तरार्धात जॅक स्मिथचा फटका गोलात जाऊन प्रेक्षकांना आपटून परत आला, असे पंचांनी मानले. वेस्ट हॅमच्या मते तो खांबाला लागला होता. वेस्ट हॅमची तक्रार एवढ्यावरच संपत नाही. त्यांची चाल रफेल आणि रिचर्ड्स या दोन विंगरांवर अवलंबून होती, आणि माणसांची भिंत रेषेला चिकटून उभी असताना कडेने धावायला जागा नव्हती. त्यातच घोड्यांच्या टापांनी कडेची जमीन उखणली गेली होती. ही तक्रार पराभूताची असली तरी निराधार म्हणता येत नाही.

शेकडो लोक जखमी झाले. जीवितहानी झाली नाही, ती केवळ सुदैवाने. पुढच्या आठवड्यात संसदेत या गोंधळावर चर्चा झाली. खासदार ऑस्वल्ड मोस्ले यांनी प्रेक्षकांना गुंड ठरवताच वेस्ट हॅम भागातले खासदार जॅक जोन्स यांनी त्यांना तिथेच खडसावले. आगाऊ तिकीट असूनही आसनापर्यंत पोहोचू न शकलेल्यांना पैसे परत मिळाले. १९२४ पासून अंतिम सामन्याला आगाऊ तिकिटाशिवाय प्रवेश बंद झाला, आणि हा बदल टिकला.

या गोंधळानंतर गर्दीच्या बंदोबस्ताचा विचार करण्यासाठी सरकारने एडवर्ड शॉर्ट यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिने १९२४ च्या अहवालात मैदानांसाठी कायदेशीर सक्तीचा आग्रह धरला नाही. बंदोबस्त आणि सुरक्षेची काळजी खेळाच्या संस्थांनीच घ्यावी, असे मानले. वेंब्लीवर कोणी मेले नव्हते, म्हणून ही ढिलाई खपून गेली. तिची किंमत बोल्टनच्याच घरच्या मैदानावर मोजली गेली. ९ मार्च १९४६ रोजी बर्नडेन पार्कवर स्टोक सिटीविरुद्धच्या एफए चषक सामन्यात गर्दीच्या रेट्याने लोखंडी कठडे मोडले आणि ३३ जण मरण पावले. त्यानंतरच्या चौकशीत मैदानांना परवाना सक्तीचा करण्याची शिफारस झाली; तीही बाजूला पडली. २ जानेवारी १९७१ रोजी ग्लासगोच्या आयब्रॉक्स मैदानावर जिन्यात ६६ जण चिरडून मेले, तेव्हा कुठे सरकार हलले. १९७५ च्या क्रीडामैदान सुरक्षा कायद्याने मोठ्या मैदानांना स्थानिक प्रशासनाचे सुरक्षा प्रमाणपत्र घेणे आणि त्यात ठरवून दिलेली प्रेक्षकसंख्या पाळणे बंधनकारक झाले. वेंब्लीच्या त्या सामन्यानंतर ५२ वर्षांनी.