प्रदानाचा अभिकल्प, माहिती-प्रणालींतील

माहिती-प्रणालीत जी माहिती भरली जाते तिला आदान, तिच्यावर होणाऱ्या गणन, वर्गीकरण, तुलना इ. क्रियांना संस्करण आणि या क्रियांनंतर माणसाच्या हाती जे पडते त्याला प्रदान असे म्हणतात. वीज देयक, बँकेचे पासबुक, दूध संकलन केंद्रावरील पावती, बाजार समितीतील हिशेबपट्टी, कारखान्यातील साठ्याचा दैनिक अहवाल व शेतजमिनीचा सातबारा उतारा ही सर्व प्रदानेच होत. प्रदानात कोणती माहिती असावी, ती कोणत्या क्रमाने, कोणत्या एककांत व कोणत्या शब्दांत मांडावी, तसेच ती कोणाला, केव्हा व कशावर (कागद, पडदा इ.) द्यावी हे ठरविण्याच्या कार्याला प्रदानाचा अभिकल्प म्हणतात. प्रणालीचा बाकीचा भाग कितीही कार्यक्षम असला, तरी वापर करणाऱ्याला तो दिसत नाही. त्याच्या दृष्टीने प्रदान हीच प्रणाली असते. म्हणून प्रणालीचे विश्लेषण करताना प्रदान आधी निश्चित करतात व त्यावरून मागे येत संस्करण आणि आदान ठरवितात. प्रत्यक्षात मात्र बहुधा याच्या उलट घडते. कार्यालयात जी नोंदवही आधीपासून असते तिचेच रकाने कागदावर छापले जातात आणि ते लोकांनी समजून घ्यावेत अशी अपेक्षा धरली जाते.

वाचणारा व त्याचा निर्णय : प्रदान हे संचित माहितीचे छायाचित्र नव्हे. ते हाती पडल्यावर वाचणाऱ्याला काहीतरी ठरवावयाचे असते आणि त्याला जे ठरवावयाचे आहे, त्यावरून प्रदानाचे स्वरूप ठरते. दूध संकलन केंद्रावर रोज सकाळ-संध्याकाळ प्रत्येक उत्पादकाच्या दुधाचे लिटर, स्निग्धांश (फॅट), स्निग्धेतर घनपदार्थ (एसएनएफ) व दर यांची नोंद होते. उत्पादकाच्या पावतीवर त्या वेळचे हे चार आकडे आणि रक्कम एवढे असले की, त्याला गुणाकार करून पडताळा घेता येतो व स्निग्धांश अचानक उतरला असल्यास जनावराच्या चाऱ्याकडे पाहता येते. याच नोंदींवरून दूध संघाच्या व्यवस्थापकाला केंद्रनिहाय बेरजा व मागील आठवड्याशी तुलना लागते. शेकडो उत्पादकांच्या पावत्यांचा गठ्ठा त्याच्या उपयोगाचा नसतो. उत्पादकाला बेरीज दाखविली आणि व्यवस्थापकाला तपशील दिला, तर दोन्ही प्रदाने अचूक असूनही निरुपयोगी ठरतात.

व्यवसायातील अहवालांचे तपशीलवार, सारांशात्मक व अपवादात्मक असे तीन प्रकार सामान्यतः मानतात. ठरलेल्या मर्यादेबाहेर गेलेल्या बाबीच अपवादात्मक अहवालात येतात. ओळछपाई यंत्रांच्या काळात, १३२ अक्षरांच्या रुंद ओळींचे कागदी गठ्ठे दररोज छापले जाऊ लागल्यावर, या प्रकाराचे महत्त्व लक्षात आले. माहिती कमी पडल्यामुळे जसे नुकसान होते तसे ती अमाप झाल्यामुळेही होते. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात थ्री माइल आयलंड येथील अणुवीज केंद्रात २८ मार्च १९७९ रोजी अपघात झाला, त्या वेळी सुरुवातीच्या काही मिनिटांतच शंभराहून अधिक धोक्याच्या सूचना एकदम सुरू झाल्या. त्या छापणारे यंत्र घटनांच्या मागे पडत गेले आणि नियंत्रण कक्षातील माणसांना महत्त्वाची सूचना कोणती हे ओळखणे कठीण झाले.

वीज देयकाचा अनुभव घरोघरी आहे. त्यात वाचणाऱ्याला प्रथम दोनच गोष्टी हव्या असतात : किती भरावयाचे व केव्हापर्यंत. त्यानंतर, रक्कम नेहमीपेक्षा अधिक असल्यास, का हे पाहावयाचे असते. मागील व चालू रीडिंग, त्यांतील फरक, मागील महिन्यांच्या वापराचा स्तंभालेख व मीटरचे छायाचित्र हे घटक या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर देतात. स्थिर आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार, वीज शुल्क ही नावे मात्र दर ठरविणाऱ्याच्या सोयीची आहेत. ती देयकावर असणे कायदेशीर दृष्ट्या आवश्यक असले, तरी ती देय रकमेच्या मागे राहावीत, पुढे नव्हे.

सातबारा उतारा : महाराष्ट्रात प्रदानाच्या अभिकल्पाचे सर्वांत मोठे व बोधप्रद उदाहरण म्हणजे सातबारा उतारा होय. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ मध्ये संमत झाली व तिच्याखालील अधिकार अभिलेखासंबंधीचे नियम १९७१ मध्ये करण्यात आले. त्यांनुसार गाव पातळीवर ठेवावयाच्या नोंदवह्यांपैकी नमुना ७ (अधिकार अभिलेख) व नमुना १२ (पिकांची नोंदवही) यांच्या एकत्रित उताऱ्याला हे नाव रूढ झाले. या अभिलेखाची परंपरा मुंबई इलाख्यातील १९०३ च्या कायद्यापर्यंत मागे जाते. नमुना ७ मध्ये भूमापन क्रमांक, भूधारणा पद्धती, क्षेत्र, आकार, भोगवटादारांची नावे आणि उजवीकडे कुळ, खंड व इतर अधिकार ही माहिती असते. नमुना १२ मध्ये वर्ष, हंगाम, पीक, जलसिंचित व अजलसिंचित क्षेत्र यांच्या नोंदी असतात. जमिनीच्या हक्कात बदल झाला की, तो आधी नमुना ६ मध्ये, म्हणजे फेरफार नोंदवहीत नोंदला जातो. संबंधितांना नोटीस देऊन हरकतींसाठी १५ दिवसांची मुदत ठेवतात आणि नंतर मंडळ अधिकारी ती नोंद प्रमाणित करतो. संहितेच्या कलम १५७ नुसार अधिकार अभिलेखातील नोंद, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, खरी असल्याचे गृहीत धरले जाते. पीककर्ज, खरेदीखत, वारसा, नुकसानभरपाई या सर्वांना हा कागद लागतो. त्यामुळे तो चुकीचा वाचला जाणे ही किरकोळ बाब नाही.

नमुना मूळचा महसूल कार्यालयाच्या गरजेतून घडलेला आहे. सारा कोणाकडून किती यावयाचा हे समजण्यासाठी ठेवलेली वही लोकांच्या व्यवहाराचा आधार बनली, पण तिची मांडणी वहीचीच राहिली. याचे उत्तम उदाहरण म्हणजे कंस. भोगवटादार मृत झाला, त्याने जमीन विकली किंवा कर्जाचा बोजा फिटला की, जुनी नोंद खोडून न टाकता तिला कंस करण्याची पद्धत होती. तलाठ्याला व वकिलाला कंसाचा अर्थ ठाऊक होता. सामान्य वाचकाला मात्र कंसातील मजकूर अधिक स्पष्टीकरणाचा वाटतो, रद्द झालेला नव्हे. फिटलेले कर्ज अजून जमिनीवर आहे, किंवा वारलेले आजोबा अजून मालक आहेत, असा समज अशा उताऱ्यावरून होणे स्वाभाविक होते.

सप्टेंबर २०२० मध्ये राज्य शासनाने उताऱ्याच्या नमुन्यात केलेले बदल या दृष्टीने अभ्यसनीय आहेत. कंसाऐवजी रद्द नोंदीवर आडवी रेषा मारलेली दाखविण्याचे ठरले. खोडलेला मजकूर म्हणजे रद्द, हे कोणाला शिकवावे लागत नाही. पूर्वी इतर अधिकारांच्या रकान्यात येणारा खाते क्रमांक खातेदाराच्या नावासमोर आला. दोन खातेदारांच्या नावांमध्ये ठळक तुटक रेषा आली; त्यामुळे एकाच क्रमांकात अनेक भाऊबंद असलेल्या जमिनीत एकाचे क्षेत्र दुसऱ्याच्या नावापुढे वाचले जाण्याची शक्यता कमी झाली. लागवडीयोग्य क्षेत्र व पोटखराब क्षेत्र वेगवेगळे दाखवून त्यांची बेरीज देण्यात आली. जुने फेरफार क्रमांक एकत्र करून शेवटी नेण्यात आले व शेवटच्या फेरफाराचा क्रमांक आणि दिनांक स्वतंत्रपणे दिला गेला. गावाच्या नावाबरोबर गावाचा संकेतांक आला. धुळे शहराच्या उत्तरेस पांझरेपलीकडील देवपूर सर्वांना माहीत असले, तरी नासिक जिल्ह्यातील सिन्नर तालुक्यातही देवपूर आहे. खुर्द-बुद्रुकांची तर राज्यात गणतीच नाही. नाव माणसासाठी व संकेतांक यंत्रासाठी, अशी ही दुहेरी सोय आहे.

या सर्वांत महत्त्वाचा बदल दिसावयास सर्वांत लहान आहे. फेरफाराची नोंद झालेली, परंतु अजून प्रमाणित न झालेली असेल, तर ‘प्रलंबित फेरफार’ असा उल्लेख इतर अधिकारांच्या रकान्यात येतो आणि तसे काही नसेल, तर ‘प्रलंबित फेरफार नाही’ असे छापले जाते. समजा, एकाने आपली जमीन आज विकली व तिचा फेरफार नोंदला गेला. हरकतीची मुदत संपून नोंद प्रमाणित होईपर्यंत उताऱ्यावर विकणाऱ्याचेच नाव राहते. या काळात तोच उतारा दाखवून तीच जमीन दुसऱ्याला विकणे किंवा तिच्यावर कर्ज उचलणे जुन्या नमुन्यात शक्य होते. उताऱ्यातील एकही अक्षर खोटे नसताना वाचणारा फसत असे. माहिती प्रणालीत होती, नमुना ६ मध्ये लिहिलेली होती, फक्त ती या कागदावर येत नव्हती. नसल्याचे लिहून सांगणे हाही या बदलाचा तितकाच मोलाचा भाग आहे. जागा कोरी असल्यास फेरफार नाही, की तपासलेच नाही, की छापताना राहून गेले हे कळत नाही. शून्य व अज्ञात यांतील हा भेद साठ्याच्या अहवालात, रुग्णाच्या तपासणीपत्रात व बँकेच्या विवरणातही तितकाच पाळावयास हवा. तो क्वचितच पाळला जातो.

एकके : आकडा अचूक असूनही एककामुळे वाचणारा चुकतो. शेतजमिनीचे क्षेत्र उताऱ्यावर हेक्टर, आर व चौरस मीटर यांत असते. खानदेशात बोलण्यात व सौद्यात मात्र एकर आणि गुंठे चालतात. एका एकरात ४० गुंठे व एका हेक्टरात १०० आर असतात. गुंठा (सु. १०१ चौ. मी.) व आर (१०० चौ. मी.) जवळजवळ सारखे असल्यामुळे गोंधळ अधिकच वाढतो. १.२०.०० असे लिहिलेले क्षेत्र ‘एक एकर वीस गुंठे’ असे वाचणारा माणूस ६० गुंठे समजतो. वस्तुतः ते १२,००० चौ. मी., म्हणजे जवळजवळ २ एकर ३८ १/२ गुंठे असते. समजुतीतील क्षेत्र खऱ्याच्या निम्म्याच्या आसपास येते. म्हणून एककाचा उल्लेख पानाच्या कोपऱ्यात न ठेवता आकड्याजवळ असावा लागतो. नव्या नमुन्यात शेतीसाठी ‘हे.आर.चौ.मी.’ व बिनशेतीसाठी ‘आर.चौ.मी.’ अशी एकके ठेवण्यात आली आहेत. देवपुरासारख्या भागात, जेथे पूर्वीच्या शेतांवर भूखंड पडून वसाहती झाल्या, तेथे हा भेद घर घेणाऱ्याच्या थेट उपयोगाचा आहे. अशा बिनशेती क्षेत्राच्या उताऱ्यावर नमुना १२ ची आवश्यकता नाही असे स्पष्ट लिहिले जाते. पिकाचे रकाने रिकामे ठेवून वाचणाऱ्याला विचारात पाडले जात नाही.

लिपी : मराठीत प्रदान देणे ही गोष्ट दीर्घकाळ यंत्राच्या मर्यादेत अडकली होती. रोमन लिपीत छापलेले नाव त्याच्या मालकालाच वाचता येत नसे. पुणे येथे १९८८ मध्ये स्थापन झालेल्या प्रगत संगणन विकास केंद्राच्या (सी-डॅक) जिस्ट तंत्रामुळे देवनागरी पडद्यावर व कागदावर सुलभपणे येऊ लागली आणि १९९१ मध्ये भारतीय लिपींसाठी आयएस १३१९४ हे मानक प्रसृत झाले. तरीही अनेक कार्यालयांत विशिष्ट टंकावर अवलंबून असलेले संकेत रूढ झाल्याने, एका संगणकावरचा मजकूर दुसऱ्यावर निरर्थक चिन्हांचा होई. युनिकोडच्या प्रसारानंतर ही अडचण पुष्कळशी दूर झाली. लांब नावासाठी पुरेशी जागा ठेवणे, जोडाक्षर ओळीच्या शेवटी न तोडणे व वर्णानुक्रम देवनागरीचा लावणे या गोष्टी आजही अभिकल्पकाला पाहाव्या लागतात.

विश्वसनीयता : त्याच माहितीची दोन प्रदाने वेगवेगळ्या अधिकाराची असू शकतात. संकेतस्थळावर विनामूल्य दिसणारा सातबारा केवळ माहितीसाठी असतो. १ मे २०१८ पासून मिळू लागलेल्या डिजिटल स्वाक्षरीच्या उताऱ्यावर मात्र पडताळणी क्रमांक असतो व त्यावरून कोणालाही उताऱ्याचा खरेपणा तपासता येतो. यासाठी १५ रुपये शुल्क ठेवण्यात आले. हा भेद कागदावर ठळकपणे दिसला नाही, तर पहिल्या प्रकारचा उतारा दुसऱ्याच्या जागी वापरला जातो. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणीमुळे नमुना १२ मधील पिकाची नोंद शेतकरी स्वतः भ्रमणध्वनीवरून करू लागला. आपण भरलेले कापूस वा केळीचे क्षेत्र उताऱ्यावर तसेच आले की नाही हे तो स्वतः ताडून पाहतो. आदानातील चूक शोधण्याचे काम प्रदानच करते, हा त्याचा एक दुर्लक्षित उपयोग आहे.

नव्या नमुन्यातही काही जागा उघड्या आहेत. अनेक खातेदारांचा उतारा कित्येक पानांचा होतो व शेवटच्या पानावरील ‘प्रलंबित फेरफार’ पहिले पान पाहून थांबणाऱ्याच्या नजरेतून सुटतो. भूधारणा पद्धतीपुढे ‘भोगवटादार वर्ग-२’ एवढेच छापलेले असते. अशी जमीन सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीवाचून हस्तांतरित करता येत नाही, ही खरेदीदाराच्या दृष्टीने सर्वांत मोठी बाब एका अंकात सामावलेली असते आणि त्या अंकाचा अर्थ त्याला कागदाबाहेर शोधावा लागतो. प्रस्तुत लेखकाच्या मते त्या अंकाशेजारी ‘परवानगीशिवाय हस्तांतरणास बंदी’ एवढे तीन शब्द छापण्यास जागेची कोणतीही अडचण नाही.